बदलतं घर सर्वेक्षणाच्या आकड्यांत कसं शोधायचं

"एकत्र कुटुंबं मोडत चालली आहेत." दरवर्षी कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या प्रबंधाची सुरुवात याच वाक्याने होते. कशावरून, असं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, दिसतंच की." दिसतं हे खरं. पण किती, कुठे, कधीपासून आणि कुणाच्या घरात, हे सांगायचं तर आकड्यांकडे जावं लागतं. आकडे आपल्याकडे भरपूर आहेत आणि बरेचसे फुकट आहेत. अडचण एवढीच की आकडा उचलायला दोन मिनिटं लागतात आणि तो ज्या प्रश्नातून आला तो प्रश्न वाचायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

मी समाजशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं सर्वेक्षणांत अन्वेषक, म्हणजे घरोघरी प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेणारी, म्हणून गावोगाव फिरले. त्यामुळे तक्त्यातला आकडा दिसला की मला आधी ओसरीवर बसलेली बाई दिसते आणि तिला विचारलेला प्रश्न ऐकू येतो. पुढचं सगळं त्याच सवयीतून लिहिते आहे. संगणकावर काम करता येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी अर्ध्याहून जास्त भाग नुसत्या पीडीएफवर करता येईल.

कुठली पाहणी घ्यायची

कुटुंबाबद्दल काही शोधायचं तर पहिला मुक्काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. नावात आरोग्य असलं तरी आत लग्न, मुलं, नवरा-बायकोतले निर्णय, मारहाण, घरात कोण राहतं, सगळं आहे. फेऱ्या अशा: १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१. सहाव्या फेरीचं क्षेत्रकाम २०२३-२४ मध्ये झालं. पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरं, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष होते. तीस वर्षांचा सलग धागा दुसऱ्या कुठल्याही पाहणीत इतक्या सहज हाती लागत नाही.

घरकाम कोण करतं, हे मात्र एनएफएचएसला विचारू नका. त्यासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी आहे, देशभर दोनदा झालेली, २०१९ आणि २०२४ मध्ये. म्हातारपण, मुलांकडून मिळणारा आधार, एकटेपण यासाठी 'लासी' ही भारतातल्या वयस्कांची पाहणी बघा. तिच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ आणि त्यावरच्या वयाचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त माणसं आहेत. आणि घरातल्या चालीरीतींत रस असेल तर भारतीय मानव विकास सर्वेक्षण, आयएचडीएस. लग्न कुणी ठरवलं, लग्नाआधी नवऱ्याची ओळख होती का, घरात बायका पुरुषांबरोबर जेवतात की मागून, असे प्रश्न सरकारी पाहणीत सापडत नाहीत. ते इथे आहेत.

आयएचडीएसचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. २००४-०५ मध्ये ज्या घरांत ते गेले, त्यातल्या बहुतेक घरांत २०११-१२ मध्ये पुन्हा गेले. एनएफएचएस तसं करत नाही. तिथे दर फेरीला घरं नवी. म्हणून एनएफएचएसवरून "समाज बदलला" असं म्हणता येतं, "या घरांनी आपली रीत बदलली" असं म्हणता येत नाही. ते म्हणायचं असेल तर तीच घरं पुन्हा भेटलेली हवीत. प्रबंधांतली निम्मी वाक्यं मी या एका कारणावरून खोडते.

जनगणना २०११ नंतर झालेली नाही; पुढची लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तोवर मधल्या काळासाठी पाहण्यांशिवाय मार्ग नाही.

तक्त्याआधी व्याख्या

अहवालाच्या शेवटी प्रश्नावली जोडलेली असते. ती छापून घ्या. खरंच छापून घ्या, पेन्सिलीने खुणा करता येतात.

सुरुवात 'कुटुंब' इथूनच करा. या पाहण्यांत घर म्हणजे एका छपराखाली राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं नातं ही अट नाही. एकाच वाड्यात दोन भाऊ राहतात, शेती सामाईक, देवघर सामाईक, पण स्वयंपाक वेगळा. पाहणीत ती दोन घरं. उलट, थोरला मुलगा पुण्याला नोकरीला, महिन्याला पैसे पाठवतो, घरातला प्रत्येक मोठा निर्णय त्याला फोन करून होतो, पण तो या घराच्या यादीत नाही. तुम्हाला 'कुटुंब' म्हणून जे अभिप्रेत आहे ते आणि पाहणीने मोजलं ते, यांत हा फरक कायम राहणार.

आता 'विभक्त कुटुंब'. एनएफएचएसच्या व्याख्येत नवरा-बायको आणि लग्न न झालेली मुलं येतातच, पण एकटा राहणारा पुरुष किंवा एकटी राहणारी बाईसुद्धा याच खान्यात पडते. म्हणजे मुंबईत भाड्याच्या खोलीत दोन मुलं वाढवणारं जोडपं आणि गावाकडे एकटी राहणारी सत्तरीची विधवा, दोघंही विभक्त. या खान्यातला वाटा वाढला तर त्यात तरुण जोडपी किती आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या किती, हे तक्ता सांगत नाही. ते तुम्हाला स्वतः वेगळं काढावं लागेल. कसं, ते पुढे सांगते.

कुटुंबप्रमुखाचं तसंच. अन्वेषक विचारतो, "या घराचे प्रमुख कोण?" आणि घरचे जे नाव सांगतील ते लिहितो. कमावती सून समोर उभी असते आणि नाव सांगितलं जातं अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं. त्यामुळे स्त्री-प्रमुख घरं वाढली हा आकडा (पहिल्या फेरीत दहात एकाहून कमी होती, पाचव्या फेरीत सहात एकाच्या आसपास आहेत) तसाच्या तसा 'स्त्रियांची सत्ता वाढली' म्हणून लिहू नका. आधी त्या प्रमुख बाईची वैवाहिक स्थिती बघा. ती विधवा आहे का? विवाहित असेल तर नवरा त्या यादीत आहे का? यादीत नसेल तर बहुधा तो बाहेरगावी कामाला आहे. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आणि एक बारीक गोष्ट, जी पुस्तकांत क्वचित सापडते. यादी करताना दोन प्रश्न विचारतात: ही व्यक्ती नेहमी इथे राहते का, आणि काल रात्री इथे झोपली होती का? स्त्रियांच्या मुलाखतीसाठी काल रात्री तिथे असणं धरलं जातं. आता आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. अन्वेषक नेमका त्या आठवड्यात माहेरच्या घरी पोचला, तर तिची मुलाखत माहेरी होते आणि तिच्या नावापुढे माहेरचा टीव्ही, माहेरचं पक्कं घर, माहेरची श्रीमंती लागते. सासरच्या हलाखीचा पत्ताच नाही. बाळंतिणींबद्दल आणि त्यांच्या आर्थिक स्तराबद्दल काही लिहिणार असाल तर मूळ आकड्यांच्या फाइलीतला 'नेहमीची रहिवासी की पाहुणी' हा स्तंभ, व्ही १३५, आधी चाळणीला लावा.

विचारलं कुणाला?

प्रश्न तोच असला तरी ज्यांना विचारला ती माणसं बदलली की तुलना मोडते. पहिल्या दोन फेऱ्यांत मुलाखती फक्त लग्न झालेल्या (किंवा कधीतरी झालेल्या) स्त्रियांच्या होत्या. पहिल्या फेरीत वय १३ ते ४९, दुसऱ्या फेरीपासून १५ ते ४९. तिसऱ्या फेरीपासून अविवाहित मुलीही आल्या. त्यामुळे १९९२-९३ ची फाईल आणि २०१९-२१ ची फाईल शेजारी ठेवून 'स्त्रियांपैकी इतक्या टक्के' असं काढलंत तर एकीकडे सगळ्या स्त्रिया आणि दुसरीकडे फक्त लग्न झालेल्या. दोन्हीकडे फक्त लग्न झालेल्या घ्या, वय १५ ते ४९ वर आणा, मगच टक्केवारी.

चौथ्या आणि पाचव्या फेरीत नवऱ्याची मारहाण, घरातले निर्णय हे प्रश्न आणि पुरुषांच्या मुलाखती सगळ्या घरांत झाल्याच नाहीत. निवडलेल्या सुमारे १५ टक्के घरांतच झाल्या. म्हणून हे आकडे राज्यापर्यंत मिळतात, जिल्ह्याचे मिळत नाहीत. एखाद्या बातमीत 'अमुक जिल्ह्यात इतक्या टक्के बायकांना मारहाण, एनएफएचएसचा अहवाल' असं वाचलंत तर शंका घ्या.

एक उदाहरण हाताने करू: लग्नाचं वय

२० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या किती? देशाचा हा आकडा पहिल्या फेरीपासून क्रमाने ५४, ५०, ४७, २७ आणि २३ टक्के असा उतरत आला आहे. महाराष्ट्रात चौथ्या फेरीत २६.३, पाचव्या फेरीत २१.९.

२० ते २४ च का? कारण १६ वर्षांच्या मुलीचं लग्न झालेलं नाही म्हणजे ती सुटली असं नाही. अजून दोन वर्षं आहेत. आणि ४५ वर्षांची बाई सांगते ती जुनी गोष्ट. विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या मुलींची अठरापर्यंतची वर्षं पूर्ण झालेली असतात आणि अनुभव ताजा असतो.

हा आकडा स्वतः काढून बघा. पाचव्या फेरीची स्त्रियांची फाईल उघडा. वय व्ही ०१२ मध्ये, पहिल्या लग्नाचं वय व्ही ५११ मध्ये, आणि भार, म्हणजे प्रत्येक बाईच्या उत्तराला हिशेबात किती वजन द्यायचं तो आकडा, व्ही ००५ मध्ये. भाराला दहा लाखांनी भागायचं; फाईलमध्ये तो दशांश चिन्हाशिवाय ठेवलेला असतो. भार न लावता चालणारच नाही, कारण छोट्या राज्यांतून मुद्दाम जास्त घरं निवडलेली असतात. भार न लावलेला 'भारत' हा मिझोराम-मणिपूरकडे झुकलेला भारत असतो.

उत्तर २३.३ आलं पाहिजे. 'आर' या आकडेवारीच्या संगणकप्रणालीत काम करणाऱ्यांचं पहिल्यांदा ते बहुधा त्याहून बरंच जास्त येतं. कारण सोपं आहे: अविवाहित मुलींचं व्ही ५११ रिकामं असतं, आणि रिकामे खाने वगळायला सांगितलं की आर त्या मुलींना भाजकातूनच काढून टाकतं. मग तुम्ही 'सर्व मुलींपैकी' न काढता 'लग्न झालेल्या मुलींपैकी' काढत बसता. अविवाहित मुलींसाठी आधी 'नाही' भरून घ्या. माझा नियम असा आहे की अहवालातला एक छापील आकडा स्वतःच्या हाताने जुळल्याशिवाय पुढचं एकही नवीन गणित करायचं नाही.

आता थोडं खोल. १८ हे कायद्याचं वय सगळ्यांना पाठ आहे. लग्न कितव्या वर्षी झालं, असं विचारलं की "अठरा" हे उत्तर तोंडावर असतं. त्यामुळे व्ही ५११ चा आलेख काढलात तर १८ वर उंच सुळका दिसतो. यातला काही भाग खरा आहे, काही भीतीचा. ताडून बघायला फाईलमध्ये जन्म आणि लग्न यांचे महिने वेगळे दिलेले असतात, शतक-महिना पद्धतीने: १९०० च्या जानेवारीपासून महिने मोजत जायचं. जुलै १९९८ चा जन्म म्हणजे ९८ गुणिले १२ अधिक ७, अर्थात ११८३. मे २०१६ चं लग्न म्हणजे ११६ गुणिले १२ अधिक ५, अर्थात १३९७. वजा केलं की २१४ महिने. सतरा वर्षं दहा महिने. कागदावर १७, बोलण्यात अठरा. मात्र प्रत्येक तारीख बाईने सांगितलेलीच असते असं नाही, काही तारखा नंतर हिशेबाने भरलेल्या असतात. त्याचीही खूण फाईलमध्ये असते. भरलेल्या तारखांवर असलं बारीक गणित करू नका.

वयाचंही तेच. ३०, ३५, ४० या वयांच्या बायका २९, ३४, ४१ पेक्षा खूप जास्त सापडतात, कारण लोक वय शून्यावर किंवा पाचावर टेकवतात. म्हणून एकेका वर्षाचा आलेख काढण्यापेक्षा पाच-पाच वर्षांचे गट बरे.

याच गटांचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या फेऱ्यांच्या फाइली मिळाल्या नाहीत तरी एका फेरीतून काळाची चाहूल लागते: आज ४५ ते ४९ च्या असलेल्या बायकांचं लग्न कितव्या वर्षी झालं आणि २५ ते २९ च्या बायकांचं कितव्या वर्षी? दोन पिढ्या एकाच तक्त्यात. फक्त मधल्या काळात वारलेल्या बायका या हिशेबात नसतात आणि जुन्या आठवणी गोल आकड्यांत येतात, हे लक्षात असू द्या. आणि २० ते २४ च्या गटाचं 'सरासरी लग्नाचं वय' काढू नका. ज्यांची लग्नं व्हायचीच आहेत त्या सरासरीत येत नाहीत, म्हणून ती खोटी कमी दिसते.

जिल्ह्याचा मोह

चौथ्या फेरीपासून जिल्ह्यांची पत्रकं मिळू लागली आणि सगळ्यांना आपल्या जिल्ह्याचा आकडा हवासा झाला. मलाही होतो. पण हिशेब करून बघा. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे, सव्वासात लाखांच्या आसपास स्त्रिया. जिल्ह्यामागे साधारण हजार. त्यातल्या २० ते २४ च्या जेमतेम एक षष्ठांश, समजा १७०. एवढ्या मुलींवर २२ टक्के आकडा आला तर निव्वळ नमुन्यामुळे तो सहा टक्के-बिंदू वर किंवा खाली असू शकतो. शिवाय मुली गावागावातून गुच्छाने निवडलेल्या असतात, एका वस्तीतून २२ घरं, आणि एका वस्तीतली घरं एकमेकांसारखी असतात. त्यामुळे खरी चूक सहाहूनही जास्त. मग जिल्ह्यात बालविवाह २६ वरून २२ वर आले, यात बातमी काही नाही. राज्याचं वेगळं. महाराष्ट्रात ३३ हजारांवर स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आहेत, त्यामुळे २६.३ ते २१.९ ही घट भरवशाची.

पत्रकात काही आकडे कंसात दिसतील, काही ठिकाणी नुसती चांदणी. कंस म्हणजे २५ ते ४९ जणांवर काढलेला आकडा, चांदणी म्हणजे २५ पेक्षाही कमी, म्हणून दिलेलाच नाही. कंसातला आकडा मथळ्यात घालणाऱ्यांना मी नापास करते.

आणि जिल्हा तोच आहे ना, हेही बघा. चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर बेतली होती, म्हणून तिच्यातल्या ठाण्यात पालघर आहे. पालघर ऑगस्ट २०१४ मध्ये वेगळा झाला आणि पाचव्या फेरीत त्याचं स्वतंत्र पत्रक आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड बाहेर गेल्यावर ठाण्याचे आकडे 'सुधारणारच'. तुलना करायची असेल तर पाचव्या फेरीतले ठाणे आणि पालघर भारासकट पुन्हा एकत्र करा.

मिनिटांचा हिशेब

वेळ-वापर पाहणी मला सर्वांत आवडते. सकाळी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला माणसाने काय केलं, सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचं. २०१९ मध्ये बिनपगारी घरकामात बायकांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९, पुरुषांची ८८. पहिली प्रतिक्रिया: पुरुष आणखी आळशी झाले!

थांबा. ही मिनिटं 'जे हे काम करतात' त्यांच्यातली सरासरी आहे. घरकामाला हात लावणारे पुरुष २०१९ मध्ये २६.१ टक्के होते, २०२४ मध्ये २७.१. बायका ८१.२ आणि ८१.५. आता गुणाकार करा. ९७ चे २६.१ टक्के म्हणजे साधारण २५ मिनिटं. ८८ चे २७.१ टक्के म्हणजे साधारण २४. म्हणजे सगळ्या पुरुषांवर वाटलं तर पाच वर्षांत काहीच हललं नाही: थोडे जास्त पुरुष, प्रत्येकाची थोडी कमी मिनिटं. बायकांचं २४३ वरून २३६ च्या आसपास. घरकामावरच्या कुठल्याही लेखात सरासरी 'करणाऱ्यांची' की 'सगळ्यांची' हे लिहिलं नसेल तर तो लेख बाजूला ठेवा.

याच पाहणीत एका अर्ध्या तासात एकाहून जास्त कामं नोंदवता येतात, पण मांडणीत मुख्य काम वर येतं. बाळ कडेवर, एका हाताने भाजी ढवळणं, तोंडाने थोरल्याचा पाढा ऐकणं, यातलं मुख्य कुठलं? सांगणाऱ्यावर आणि लिहिणाऱ्यावर आहे. मुलं सांभाळण्याचा वेळ कमी दिसला तर या अंगाने बघा.

आकडा अचानक उडाला तर

कर्नाटकात नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण चौथ्या फेरीत २०.६ टक्के होतं, पाचव्या फेरीत ४४.४. त्याच काळात देशाचा आकडा ३१.२ वरून २९.३ वर आला. चार-पाच वर्षांत एका राज्यातली घरं इतकी बदलतात का?

"लॉकडाऊन" हे उत्तर वर्गात सगळ्यात आधी येतं. पण पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा जून २०१९ ते जानेवारी २०२० मध्ये आटोपला आणि कर्नाटक त्यात होतं, महाराष्ट्रही. टाळेबंदीआधीच काम संपलेलं. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, तमिळनाडू ही राज्यं दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२१ पर्यंत. म्हणून राज्याराज्यांची तुलना करतानासुद्धा टप्पा बघायचा.

मारहाणीचा प्रश्न घरातल्या एकाच बाईला, आणि एकांत मिळाला तरच विचारतात. गावात एकांत मिळवणं हे स्वतःच एक काम असतं. सासू पाणी घेऊन येते, शेजारीण डोकावते, नवरा दारातच चप्पल शोधत राहतो. अन्वेषक बाईने हे कसं निभावलं यावर उत्तर हलतं. म्हणून आकडा वाढला की तीन शक्यता लिहून ठेवा: हिंसा वाढली, बोलणं वाढलं, विचारणं सुधारलं. मग शेजारचे स्तंभ पाहा. गंभीर इजा झाल्याचं प्रमाण त्याच मापाने वाढलं आहे का? नवऱ्याच्या दारूचं? मारहाण योग्यच, असं म्हणणाऱ्या बायकांचं? पहिलं उत्तर पक्कं करायचं तर यांनीही साथ द्यायला हवी. एक आकडा एकटाच उडाला असेल तर मी दुसऱ्या-तिसऱ्या शक्यतेकडे झुकते.

घराचा प्रकार स्वतः ठरवा

आता ते राहिलेलं काम: विभक्त खान्यातल्या म्हाताऱ्या आणि तरुण जोडपी वेगळी करणं. त्यासाठी घरातल्या माणसांची फाईल लागते. पाचव्या फेरीत तिच्यात २८ लाखांवर ओळी आहेत आणि एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर थांबतं, त्यामुळे स्टाटा, आर किंवा एसपीएसएस यांपैकी काहीतरी हवं.

एचव्ही १०१ या स्तंभात प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं असतं: १ स्वतः, २ जोडीदार, ३ मुलगा-मुलगी, ४ सून-जावई, ५ नातवंड, ६ आई-वडील, ७ सासू-सासरे, ८ भाऊ-बहीण. प्रत्येक घराचे हे आकडे एका ओळीत आणा. मग खाने तुमच्या प्रश्नाप्रमाणे पाडा. मी असे पाडते: एकटं माणूस (वय साठच्या वर की खाली, हे वेगळं), फक्त जोडपं, जोडपं आणि लग्न न झालेली मुलं, एकच पालक आणि मुलं, सून, आई-वडील किंवा सासू-सासरे असलेलं तीन पिढ्यांचं किंवा वाढलेलं घर, भावाभावांचं घर. लग्न झालेली मुलगी माहेरी येऊन राहिली असेल तर ती ३ मध्येच दिसते, म्हणून वैवाहिक स्थितीचा स्तंभ जोडीला घ्या, नाहीतर ते घर चुकून साधं विभक्त ठरतं. अशी घरं कमी नाहीत.

हे केल्यावर 'घरं लहान झाली' या वाक्याचा उलगडा होऊ लागतो. घरातल्या माणसांची सरासरी तिसऱ्या फेरीत ४.८ होती, चौथ्या फेरीत ४.६, पाचव्या फेरीत ४.४. पण त्याच काळात एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.७ वरून २.२ आणि मग २.० झाला. मुलंच कमी झाली तर सासू-सासऱ्यांसकट असलेलं घरही लहान होतं. म्हणून आकारावरून एकत्र कुटुंबाबद्दल काही बोलायचं नाही. प्रत्येक खान्यातला आकार वेगळा काढायचा, आणि खान्यांचे वाटे वेगळे.

घटस्फोटाबद्दल थोडक्यात, कारण पाहणीत त्याचा नमुना इतका लहान असतो की जास्त बोलण्यात अर्थ नाही. फक्त 'घटस्फोटित' बघू नका, 'विभक्त' (इथे अर्थ घटस्फोट न घेता जोडीदारापासून वेगळे राहणारे) आणि 'सोडलेली' हेही बघा. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित सुमारे १३.६ लाख होते आणि विभक्त राहणारे सुमारे ३५ लाख. कोर्टाची पायरी न चढता मोडलेली लग्नं दुसऱ्या आकड्यात आहेत. आणि एनएफएचएसमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणारं जोडपं शोधू नका. ते एकतर विवाहित म्हणून नोंदलं जातं, नाहीतर 'नातं नाही' या खान्यात जातं.

लिहिताना

वाक्यात चार गोष्टी असाव्यात: कोण, किती वयाचे, कुठल्या फेरीत, कुठल्या भागात. "महाराष्ट्रात बालविवाह घटले" असं नको. "महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होतं, २०१९-२१ च्या फेरीत २१.९ टक्के." लांब आहे, पण कुणी हरकत घेणार नाही. त्यातही एक बारकावा: या मुलींची लग्नं सर्वेक्षणाच्या वर्षी झालेली नाहीत, त्याआधी दोन ते आठ-दहा वर्षांत झालेली आहेत. प्रजनन दरही सर्वेक्षणाआधीच्या तीन वर्षांचा असतो. त्या वर्षी आलेल्या एखाद्या योजनेला श्रेय देण्याआधी ही वर्षं मोजा.

फाइली उतरवून स्वतःकडे ठेवा, प्रश्नावलीसकट. ज्या आंतरराष्ट्रीय डीएचएस (लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षण) कार्यक्रमातून एनएफएचएसचे मूळ आकडे मिळत आले, त्याची अमेरिकी मदत २०२५ मध्ये बंद झाली. संकेतस्थळावर आज दिसतं ते उद्या तिथेच असेल, असं धरून चालू नका. वेळ-वापर पाहणीचे मूळ आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. आणि सहाव्या फेरीचा स्तंभ तक्त्यात जोडायला बसलात की आधी तिची प्रश्नावली उघडा, पाचवीच्या शेजारी ठेवा, आणि तुमच्या प्रश्नाची ओळ दोन्हीकडे बोट ठेवून वाचा.